भरलेली ट्रंक

बिऱ्हाड हलविणे हा प्रसंग माणसाच्या आयुष्यात लग्न आणि आजारपण यांच्या मधोमध कोठेतरी बसतो. लग्नाप्रमाणे त्यात याद्या कराव्या लागतात, सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही आणि ऐन वेळी सुतळी सापडत नाही. आजारपणाप्रमाणे त्यात रात्रीची झोप जाते, शेजारी समाचाराला येतात, आणि आजवर ठाऊक नसलेल्या आपल्याच स्नायूंची ओळख होते. फरक इतकाच की लग्नात आणि आजारात आपल्याभोवती माणसे असतात; बिऱ्हाड हलविताना आपण वस्तूंच्या गराड्यात सापडतो. आणि वस्तू माणसांपेक्षा फार स्पष्ट बोलतात, असा माझा अनुभव आहे.

२०२३ च्या मे महिन्यात मी नोकरीतून निवृत्त झालो आणि आलापल्लीचे माझे अकरा वर्षांचे बिऱ्हाड मोडून साताऱ्यास जावयाचे ठरले. आलापल्ली हे गाव गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात आहे. चंद्रपूरहून निघालेला रस्ता गोंडपिपरी, आष्टी करीत, वैनगंगा ओलांडून सागाच्या रानात शिरतो, आणि बऱ्याच वेळाने हे तिठ्या-चौठ्यांचे गाव लागते. येथून एक वाट भामरागडला, एक एटापल्लीला, एक सिरोंच्याला, एक अहेरीला जाते. म्हणजे या मुलखात कोठेही जावयाचे झाले तरी माणूस आलापल्लीला टेकतो आणि पुढे जातो. जो टेकून तेथेच राहतो, त्याच्याकडे लोक जरा कुतूहलाने पाहतात.

२०१२ साली येथे बदली झाल्याचा हुकूम हाती पडला, तेव्हा आमच्या नातेवाईकांनी माझे जवळजवळ सांत्वनच केले. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना देशाच्या शेवटी जाऊन झाडाखाली राहावे असा उपदेश केला, असे महानुभाव वाङ्मयात येते. स्वामींना तो उपदेश करण्यासाठी अधिकार लागला. सरकारला एक कागद पुरला. देशाचा शेवट म्हणावा तर येथून प्राणहिता जवळ, आणि तिच्यापलीकडे तेलंगणाची भूमी. झाडे म्हणावी तर भामरागडच्या वाटेवरील त्या प्रसिद्ध राखीव तुकड्यात सागाचे असे पुराणपुरुष उभे आहेत की त्यांच्याकडे पाहताना टोपी सावरावी लागते. 'वनवैभव' हे त्या तुकड्याचे नाव, आणि २०१४ साली राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ होण्याचा मान त्याला मिळाला आहे.

सरकारी नोकरांच्या बदल्यांविषयी २००५ सालचा एक कायदा आहे. एका जागी साधारणपणे तीन वर्षे, आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा माझेही तीन वर्षांनी सुटावयास हरकत नव्हती. पण अर्ज मी करावयाचा होता, आणि तो दरवर्षी राहून गेला. पहिल्या वर्षी प्रकृतीमुळे, दुसऱ्या वर्षी मुलाच्या शाळेमुळे, पुढे पुढे कशामुळेच नाही. इकडे आपणहून येणारे थोडे. त्यामुळे जो जाण्याची घाई करीत नाही त्याला हलविण्याचीही कोणाला घाई नसते. माणसाच्या आळसाला कित्येकदा निष्ठेचे रूप येते ते असे.

या माझ्या आळसाची झळ जर कोणाला लागली असेल तर ती आईला.

आई वाईची. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, आणि चार हाकांवर असलेले माहेर यांत तिचे आयुष्य गेले. वडील गेल्यावर वाईचे घर विकले, ती माझ्याकडे आली, आणि तिसऱ्याच महिन्यात माझ्याबरोबर महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला आली. येताना तिने एक काळी लोखंडी ट्रंक आणली. तिच्यावर पांढऱ्या रंगाने वडिलांचे नाव आणि त्याखाली 'वाई' असे लिहिलेले होते. ती ट्रंक तिने आपल्या खाटेच्या पायथ्याशी ठेवली, किल्ली कमरेला लावली, आणि ट्रंकेवर एक जुने सतरंजीचे घडी घातलेले पान टाकून तिचे आसन केले.

आलापल्लीविषयी आईच्या तक्रारी ठरलेल्या होत्या. येथे नदीला घाट नाही. येथला उन्हाळा माणसांसाठी केलेला नाही. बाजारात बाई गोंडी बोलते, दुकानदार तेलुगू बोलतो, मासेवाला बंगाली बोलतो आणि जो मराठी बोलतो तो प्रत्येक वाक्याला 'जी' लावतो, तेव्हा तो रागावला आहे की नम्र आहे हे कळत नाही. या तक्रारींचा समारोप नेहमी एकाच वाक्याने होई : "माझी ट्रंक भरलेली आहे. तुम्ही आज म्हणा, उद्या निघते." भाजीत मीठ जास्त झाले तरी ट्रंक भरलेली असे, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटल्याची बातमी आली तरी, त्या पुराचा आमच्याशी काही संबंध नसताना, ट्रंक भरलेली असे. आम्ही हसत असू. मीही हसत असे. पण रात्री कधी जाग आली म्हणजे ते वाक्य मला विनोदी वाटत नसे. बदलीचा अर्ज टेबलाच्या खणात कोरा पडून आहे हे मला ठाऊक होते.

२०२१ च्या जानेवारीत आई गेली. ट्रंक होती तेथेच राहिली. तिची किल्ली सौभाग्यवतीने देव्हाऱ्यातील डबीत ठेवली, आणि ती उघडावयाची गोष्ट आम्ही दोघांनीही, एकमेकांना न सांगता, पुढे ढकलली.

मृगाचा पाऊस सुरू होण्याच्या आत निघणे भाग होते. एकदा तो लागला म्हणजे इकडचे रस्ते प्रवाशाची इच्छा विचारात घेत नाहीत. म्हणून मेच्या मध्यावर आवराआवरीस आरंभ केला. प्रथम मी चंद्रपूरच्या एका बिऱ्हाड हलविणाऱ्या मंडळींना दूरध्वनी केला. पलीकडील तरुणाने मोठ्या आदबीने विचारले, "सर, साधारण किती खोकी होतील?" मी सांगितले, तीस. सौभाग्यवती आतून म्हणाली, "पन्नास." शेवटी एकूण चौऱ्याऐंशी झाली. आपल्या गरजा थोड्या आहेत असे ज्याला वाटत असेल त्याने एकदा आपल्या वस्तू खोक्यांत घालून मोजाव्या. अध्यात्माचे ग्रंथ वाचून जे ज्ञान होत नाही ते तिसऱ्या दिवशी आपोआप होते.

या आवराआवरीत मला असे दिसून आले की घरातील वस्तूंच्या तीनच जाती आहेत. पहिली रोज लागणाऱ्या वस्तूंची. यांच्याविषयी वाद नसतो, पण या शेवटपर्यंत बांधता येत नाहीत. चहाचे पातेले सकाळी बांधले की दुपारी सोडावे लागते. दुसरी जात आठवणींच्या वस्तूंची. यांच्याविषयी वाद असतो, पण तो थोडक्यात आटोपतो, कारण ज्याची आठवण असेल त्याचे डोळे पाहून दुसरा गप्प बसतो. खरे रणकंदन माजते ते तिसऱ्या जातीवरून. तिचे नाव 'कधीतरी लागेल'. मोडक्या छत्रीच्या काड्या, एका कुलपाच्या चार किल्ल्या आणि चार कुलपांची एकही नाही, विजेच्या तारांची भेंडोळी, पूर्वी एका मिक्सरला असलेले झाकण. मी ही जात समूळ नष्ट करण्याच्या मताचा होतो. सौभाग्यवतीने शांतपणे माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखविले आणि विचारले, "अहो, यातली कधीतरी लागतील अशी किती?" मग आमच्यात तह झाला.

पुस्तकांची कथा मात्र करुण आहे. जंगलाच्या गावात पुस्तक हे वाचकांपेक्षा वाळवीला प्रिय असते. खालच्या फळीवरील दोन खंड उचलले तेव्हा हाती फक्त पुठ्ठे आले. मधला मजकूर ती आधीच वाचून गेली होती. कपाट सागाचे, त्याच्या जुन्या लाकडाला तिने तोंडही लावले नव्हते. सागाचा गाभा तिला मानवत नाही. साहित्यिकांनी यावरून योग्य तो बोध घ्यावा.

बांधणी कशी करावी हे मला आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी शिकविले. त्यांचे सारे आयुष्य लाकडाच्या आगारात गेलेले. आलापल्लीच्या आगारात रानातून आलेला प्रत्येक ओंडका मोजला जातो. त्याची लांबी आणि गोलाई घेतात, त्याला क्रमांक देतात, त्यावर हातोड्याची खूण उमटवितात, मग प्रतवारीने थप्प्या लावतात आणि लिलाव होतो. जळाऊ लाकडाचे बीट निराळे. वाहतुकीच्या परवान्यावाचून लाकूड नाक्यापलीकडे जात नाही. ते म्हणाले, "साहेब, खोक्यावर 'किरकोळ' असं कधी लिहू नका जी. जंगलात किरकोळ काही नसते. नंबर टाका आणि वहीत चढवा." त्याप्रमाणे मी वही केली. खोके पहिले : ताटे, वाट्या. खोके सातवे : औषधे, चष्मे, पंचांग. वही करता करता माझ्या मनात आले की त्याच वर्षी मार्च महिन्यात याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातील साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून मिरवणुकीने रवाना झाला. त्याचे बिऱ्हाड वाजतगाजत हलले. आमचे निघणार होते ते एका जुन्या ट्रकमधून, मागे दोरीने बांधलेली सायकल लटकवून.

काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी त्या तरुणाने फुगे असलेला प्लास्टिकचा कागद पाठविला होता. तो दुसऱ्याच दिवशी संपला, कारण शेजारची मुले ते फुगे फोडण्यास येऊन बसली. मग त्याच वृद्ध गृहस्थांनी धानाचे तणस आणून दिले. भांड्याला तणसाचा वेढा, वर गोणपाट, आणि दाभणाने सुतळीचा टाका. साताऱ्यास पोचल्यावर प्लास्टिकमधील दोन पेले फुटलेले निघाले. तणसातील एकही नाही. हे मी कोणत्याही सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ सांगत नाही. घडले तसे सांगतो.

या दिवसांत दारात उभा राहिलो की रस्त्यावरून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक जाताना दिसत. एटापल्लीकडून येत, चौकात वळत आणि आष्टीच्या दिशेने निघून जात. तांबडी धूळ आमच्या बांधलेल्या खोक्यांवर येऊन बसे. चौऱ्याऐंशी खोक्यांनी घाबरलेला मी तो डोंगर ट्रकाट्रकांनी घर सोडताना पाहात असे. त्याची वही कोण ठेवीत असेल कोण जाणे.

याच तालुक्यांतून माडिया लोकांची वस्ती आहे. पूर्वी ते रानाचा एक तुकडा तोडून, जाळून त्यात धान्य पेरीत. त्या शेतीला 'पेंदा' म्हणत. जमीन थकली की दुसरा तुकडा, आणि त्यामागोमाग कधी गावही. त्यांच्या घरात मी पाहिलेले सामान म्हणजे मडकी, टोपल्या, कुऱ्हाड, धनुष्य, आणि आंबील किंवा पाणी ठेवण्याचा भोपळ्याचा तुंबा. शहरातील पाहुणा आला की हे पाहून साधेपणावर एक लहानसे व्याख्यान देतो आणि मोटारीत बसून परत जातो. मीही पहिल्या वर्षी ते दिले होते. नंतर पावसाळ्यात तापाने फणफणलेले मूल बाजेवर घालून मैलोगणती चालत आणलेले पाहिले, आणि थोड्या सामानाला साधेपणा म्हणावयाचे मी सोडून दिले. थोडे असणे आणि थोडे ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

थोडे ठेवण्याचे उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे ते रेव्हरंड टिळकांचे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. नागपूर, राजनांदगाव, अहमदनगर असे टिळकांचे बिऱ्हाड आयुष्यभर फिरत राहिले, आणि घरातील वस्तूंवर त्यांचा लोभ नव्हता, हे त्यांच्या वाचकांना ठाऊक आहे. तरुणपणी ते पुस्तक वाचताना मला टिळकांचा मोठा हेवा वाटे. आता, चौऱ्याऐंशी खोक्यांनंतर, लक्ष्मीबाईंविषयी विचार येऊ लागला. बिऱ्हाड हलविण्याचा निर्णय घेणारा एक असतो. ते मोडणारी आणि पुन्हा मांडणारी व्यक्ती बहुधा दुसरी असते. आमच्या घरी पुन्हा मांडामांड करावयाची वेळ आईवर आली तेव्हा ती सत्तरीच्या पुढे होती, आणि निर्णय माझा होता.

आम्ही जाणार ही बातमी गावात पसरली, तशी माणसे भेटीस येऊ लागली. एके दिवशी सकाळी आमच्याकडे पूर्वी भांडी घासण्यास येत असलेली बाई आली. तिच्या हातात पितळेचा कड्यांचा डबा होता, लख्ख घासलेला. ती सौभाग्यवतीला म्हणाली, "बाई, आजीनं दिला होता. आता तुम्ही चालल्या, तं म्हटलं विचारून घ्यावं. न्यायचा आहे का जी?" तो डबा आईच्या लग्नातला. तिच्या ट्रंकेतच असावा असे आम्ही समजत होतो. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "आईने दिला ना? मग तुमचाच."

दुसऱ्या दिवशी एक बंगाली आजीबाई आल्या. पूर्व बंगालमधून निर्वासित झालेली कितीएक कुटुंबे त्या काळच्या चांदा जिल्ह्यात, मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूस सरकारने वसविली; त्यांतल्याच या. आईचे आणि यांचे सख्य आम्हांस माहीत होते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. हिंदी दोघींनाही सारखीच येत नव्हती, त्यामुळे संभाषण समानतेच्या पायावर होई. आजीबाईंनी कनवटीचा अडकित्ता काढून माझ्या पुढे धरला. त्या त्याला 'जांती' म्हणत. वाईच्या आमच्या घरी माझ्या आजोबांनी ज्याने सुपारी कातरली तो हा अडकित्ता. तोही ट्रंकेतच असावयाचा.

मी तो परत त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा त्या खाली बसल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत त्यांनी एक गोष्ट सांगितली. आईने त्यांना एकदा विचारले होते, "तू परत गेलीस का ग कधी तुझ्या गावाला?" त्यांनी सांगितले, आमचा देशच राहिला नाही, जाणार कोठे? लहानपणी आईचा पदर धरून निघालो त्या वेळी बरोबर एक लोटा होता; तेवढाच काय तो देश. यावर आई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझा गाव आहे तिथेच आहे. पण तिथे आता माझं कोणी नाही."

आजीबाई गेल्या. मी वही उघडून बसलो, पण त्या दिवशी एकाही खोक्याला क्रमांक पडला नाही.

ट्रक आला तो दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. सकाळपासून आभाळ भरून आले होते. चार हमाल भराभर सामान चढवीत होते. कपाट गेले, खाटा गेल्या, पुस्तकांची खोकी शिव्यांसह गेली. शेवटी आईच्या खोलीतील ट्रंक उरली. सौभाग्यवती म्हणाली, "ती तशीच जाऊ दे. तिथे जाऊन बघू." मी होकार दिला आणि हमालांना बजावले, "दोघे धरा, भरलेली आहे." त्यांतल्या एका पोरगेल्या हमालाने कड्याला हात घातला आणि ती एकट्याने उचलली.

"साहेब, हे पेटी तं खालीच आहे जी!"

मी म्हणालो, "खाली आहे ते दिसते आहे, वर चढवा." तो हसला आणि ट्रंक माझ्यासमोर डोलवीत पुन्हा म्हणाला, "खाली जी, खाली! काहीच नाही हिच्यात." अकरा वर्षे या मुलखात राहून रिकाम्याला इकडे 'खाली' म्हणतात हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी ते समजण्यास मला वेळ लागला.

किल्ली देव्हाऱ्याबरोबर बांधली गेली होती. देव्हारा सोडला, डबी काढली. ट्रंक ओसरीवर ठेवून आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना बसलो. झाकण उघडले. तळाशी २०१२ सालचे वर्तमानपत्र अंथरलेले होते. डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा उरला होता, गोळ्या विरून गेल्या होत्या. एका कोपऱ्यात न नेसलेले एक इरकली लुगडे. पुरणयंत्र नव्हते. तांब्याचा घंगाळ्याजोगा तो मोठा तांब्या नव्हता. शाली नव्हत्या. बाकीची लुगडी नव्हती. त्यांच्या जागी एक लहानसा तुंबा होता, त्याच्या गळ्याला सुंभाची विणलेली दोरी. बांबूची एक नवी सुपली होती, खेळण्याएवढी. आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या पाच पुरचुंड्या होत्या. एक सोडली : चारोळ्या. दुसरी : वाळलेली मोहाची फुले. चारोळ्यांना खवट वास येत होता. बाकीच्या तीन आम्ही सोडल्या नाहीत.

पुढील दोन तासांत, ट्रक दारात उभा असताना, ट्रंकेतील उरलेल्या वस्तूंचा पत्ता लागला. पुरणयंत्र पलीकडच्या आळीत एका तेलुगू कुटुंबात होते. आईने त्यांना पुरणपोळी शिकविली आणि यंत्र तेथेच राहिले. एका लुगड्याची वाकळ झाली होती आणि तिच्यात वाढलेले मूल आता शाळेत जात होते. शाल आगारातील त्या वृद्ध गृहस्थांच्या खांद्यावर मी स्वतः दोन हिवाळे पाहिली होती आणि ओळखली नव्हती. ते म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं, मुलाला बोलू नका, तो म्हणेल आईला इथं करमायला लागलं, आणि मग बदलीचा अर्ज करणार नाही."

हे वाक्य ऐकून मी घरात गेलो आणि काही वेळ रिकाम्या खोलीत उभा राहिलो.

त्या ट्रंकेचा अर्थ काय, यावर आम्हा उभयतांत अजून एकमत झालेले नाही. माझे म्हणणे असे की, ज्या घरातील वस्तू माणूस वाटून टाकतो ते घर त्याने मनाने सोडलेले असते. वाईचे सारे ज्यांच्या हातांत दिले त्यांचीच ती झाली होती. तक्रारी म्हणजे नुसती सवय. सौभाग्यवती म्हणते, "तुम्हांला तसं वाटणं सोयीचं आहे." मग ती पुरचुंड्यांकडे बोट दाखविते. चारोळ्या आणि मोहाची फुले आलापल्लीत राहणारा माणूस ट्रंकेत बांधून ठेवीत नाही. ती बाजारात मिळतात. तेथले जिन्नस पुरचुंडी करून ठेवतो तो जाणारा माणूस. बहिणीला, भाचीला, शेजारणीला दाखवावयास, की बघा, आमच्या रानात हे होते. नव्या सुपलीशी खेळणारे मूलही तिच्या मनात कोणीतरी असणार. "त्या जाणारच होत्या," ती म्हणते. "फक्त रिकाम्या हातांनी जायचं नव्हतं त्यांना."

तिचे म्हणणे खोडून काढण्याजोगा पुरावा मजजवळ नाही. 'आमच्या रानात' हा शब्दप्रयोग तिने आईच्या तोंडी कल्पनेने घातला आहे, एवढेच मी म्हणू शकतो. पण माझ्या मनाला जर कशाचा आधार वाटत असेल तर त्याच दोन शब्दांचा.

संध्याकाळी सरकारी घर परत करण्याचा विधी झाला. जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीप्रमाणे पंखे चार, नळ तीन, खिडक्यांच्या काचा अमुक, असे सारे मोजून घेण्यात आले. लिपिकाने सही घेताना विचारले, "काही राहिलं तर नाही ना, साहेब?" मी नाही म्हणालो. सरकारी कागदावर लिहिलेले ते माझे शेवटचे विधान, आणि ते खरे नव्हते.

ट्रक पुढे गेला होता. आम्ही मागाहून निघालो. सौभाग्यवतीच्या मांडीवर लोणच्याची बरणी, माझ्या मांडीवर देव. जुनी केरसुणी प्रथेप्रमाणे तेथेच ठेवलेली. आष्टीच्या पुलावर वैनगंगा ओलांडताना पहिले थेंब पडले. आई येताना याच पुलावर म्हणाली होती, "नदी मोठी आहे, पण घाट कुठाय?" मी काच खाली करून पाहिले. घाट नव्हताच. पात्र मात्र फार रुंद होते, आणि अंधारात त्याचा पलीकडचा काठ दिसत नव्हता.

साताऱ्याच्या नव्या घरात सगळी खोकी सुटावयास महिना लागला. 'कधीतरी लागेल' या जातीचे खोके अजून सुटलेले नाही, आणि कबूल करावयास हरकत नाही, त्यातील कशाचीही आजवर गरज पडलेली नाही. आईची ट्रंक आमच्या खाटेच्या पायथ्याशी आहे. तीन पुरचुंड्या, तुंबा, सुपली आणि इरकली लुगडे तिच्यात तसेच आहे. मधूनमधून सौभाग्यवती तिच्यात काहीतरी ठेवीत असते. काय ते मी विचारीत नाही.

परवा नळाला तिसऱ्या दिवशीही पाणी आले नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीला भोके पाडीत होते, आणि खालच्या रस्त्यावर मोटारींचा कोंडमारा झाला होता. सौभाग्यवतीने रिकामी बादली खाली आपटली आणि म्हणाली, "माझी ट्रंक भरलेली आहे. आज म्हणा, उद्या आलापल्लीला निघते."

या वेळी मी हसलो नाही. उठलो आणि आधी बादली घेऊन पाण्याच्या शोधात निघालो.